कातर न लागलेलं कापड

याकूब हुश्ये बावीस वर्षं जहाजावर भंडारी होता.
आता सुटला, घरी आला, आणि पेटीतलं एकेक सामान
जैतापूरभर वाटून झाल्यावर
उरलेलं हे त्यानं माझ्या मशीनवर ठेवलं.
'उशांच्या दोन खोळी कर. उरला तर मोबाईलला पिशवी.'

'कुठलं?'
'पेरूचा.'
शिकाऊ पोरी हसल्या. समोर धक्क्यावर
पेरूवालीच बसली होती पाटी घेऊन.
'खायचा नव्हे गो, देश हाय. डोंगर असे तिथं,
आपला अणुस्कुरा त्यांच्या पायरीला लागल.'

उलगडलं. लोकर.
आमच्या हवेत लोकर म्हणजे पाहुणी,
चार दिवसांत आंबूस होणारी.
लाल असा, की माझ्या एकाही रिळात नव्हता.
'किड्याचा रंग,' याकूब म्हणाला,
'निवडुंगावरचा. चिरडतात त्याला.'
काळ्या पट्ट्यांत बोटभर पक्षी,
आणि एक जनावर, ज्याला मी आधी बकरी म्हटलं
आणि मानेकडे पाहून गप्प बसले.

टेप लावली. चार फूट बाय साडेतीन.
खडू घेतला. कातर उचलली.
मग काठ शोधायला लागले.

कापडाला दोन काठ मागाचे असतात,
दोन बाजू कातरीच्या.
ताग्यातून फाडताना होणारा तो टर्र आवाज
म्हणजे माझ्या घरचा भात.
इथं चारी बाजू मिटलेल्या.
धागा जातो, टोकाला वळतो, परत येतो.
कुठं दशी नाही, कुठं सुटलेलं टोक नाही.
पाहिजे तेवढंच विणलेलं.

'कुनी विणलान ह्या?'

कायाओ बंदर. गोदीच्या फाटकाबाहेर एक बाई.
दोन वेण्या, डोक्यावर साहेबासारखी टोपी.
मागाचं एक टोक दिव्याच्या खांबाला,
दुसरं तिच्या कमरेला.
'मागं रेलली की धागे ताठ, वाकली की ढिले.
पोर रडला की उठायची, नि माग जमिनीवर.'

माझी फुफी अशीच जाळं विणायची,
सूत पायाच्या अंगठ्यात अडकवून.
ऐनाच्या सालीत भिजवून भिजवून तळवे तांबडे.
शेवटची आंघोळ घालताना
तिच्या अंगठ्यावरची खाच मला दिसली.
पाणी तिथं थोडं थांबत होतं.

कापड उजेडात धरलं.
वरच्या काठाशी बारीक भोकं, जोडीजोडीनं.
कसर नव्हे. कसर अशी नेमानं खात नाही.
टाचणी, रोज त्याच जागी खुपसलेली.
आणि मधोमध, पाठीवर येईल तिथं,
पोराच्या बुडानं झिजलेला गोल.

'हे विकायला विणलेलं नाही,' मी म्हटलं.
'अंगावरचं काढून दिलंय.'
याकूब खाडीकडे बघत राहिला.
'डॉलर दिले मी.'
मग, चहा निवल्यावर, 'पाच.'

दोन पट्ट्या मधून जोडलेल्या होत्या,
ती शिवण वीतभर उसवलेली.
या कापडात माझ्यासाठी एवढीच जागा.
फुफीचा पत्र्याचा डबा काढला.
जाळ्याचं जुनं सूत, तांबूस,
जिभेवर धरलं तर अजून खारट.
हातानंच टाके घातले,
एक इकडून, एक तिकडून, तिचे होते तसे.
तिचे बारीक होते. माझे नाहीत.
एका पक्ष्याची चोच अर्ध्या धाग्यानं चुकली.
उसवून बघितलं. पुन्हा चुकली. राहू दिली.

'नि खोळी?'
'मांजरपाटाच्या करते. बुधवारी ये.'
घडी घालून हातात दिलं.
'ह्याचे किती?'
'पाच.'

त्यानं खिशात हात घातला
आणि हात खिशातच राहिला.
मुसाकाजीची होडी सुटायला आली होती.
कुणीतरी धक्क्यावरून त्याला
नावानं हाका मारत होतं.